मेण वितळते, मूर्ती उरते

इ. स. १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल बांधवाच्या हाती चार धातुशिल्पे लागली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. चारही भरीव, एकत्रित वजन ६० किलोहून अधिक. ती ज्या पद्धतीने घडली असे अभ्यासक मानतात, तिला संस्कृतात ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधमाश्यांचे मेण.

प्रथम मेणाची आकृती घडवून तिच्यावर मातीचे थर लिंपतात व एक मुख मोकळे ठेवतात. साचा तापविला की मेण वाहून जाते; उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. तो थिजल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या वजनावरून धातूचे प्रमाण ठरविण्याची रीत दिली आहे. बस्तरचे घडवा कारागीर हेच गणित पिढ्यान्‌पिढ्या हाताने जाणतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून ते पोकळ मूर्ती ओततात.

दायमाबादच्या शिल्पकारांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. साचा फुटला तरी विद्या राहते. हात थांबले तर मात्र तीही जाते. म्हणून पाड्यांवरून अंजूरच्या आमच्या वसतिगृहात आलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो : सुट्टीत घरी जाल तेव्हा आजा-आजीच्या हातची विद्या पाहा, विचारा, लिहून आणा. तोही अभ्यासच होय.