डॅशबोर्डच्या मागचं काम

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. रात्री-अपरात्री फोन येतो तो म्हैस अडल्याचा, गाय फुगल्याचा, नाहीतर बैलाला पान लागल्याचा. बोलणारा घाबरलेला असतो आणि पत्ता सांगतो तो असा: "नाल्याच्या पुढं या, मोठ्या चिंचेपासून डाव्या अंगाले वळा." बदली होऊन दारव्हा तालुक्यात आलो, तेव्हा मला ना तो नाला माहीत होता ना ती चिंच. फोन एका हातात धरून नकाशा बघत गाडी चालवणं धोक्याचं, म्हणून २०२३ च्या दिवाळीत माझ्या जुन्या वॅगन आरमध्ये नकाशा दाखवणारा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. इथले लोक त्याला अजून 'टेप'च म्हणतात. तो मला दोनदा बसवावा लागला, पहिल्यांदा दुकानात आणि वर्षभराने घराच्या अंगणात. मधल्या काळात जे कळलं ते लिहून ठेवतो आहे.

१. आधी फूटपट्टी, मग दुकान

डॅशबोर्डमधल्या खाचेचं माप ठरलेलं असतं. 'डिन' हे जर्मनीच्या मानक संस्थेचं लघुनाव. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. काही गाड्यांची खाच २०० मिलिमीटर रुंद असते. नऊ किंवा दहा इंची पडदा हवा असेल तर तो या खाचेत मावत नाही, त्यासाठी त्याच गाडीची, त्याच सालच्या मॉडेलची प्लॅस्टिकची फ्रेम लागते. मी पडदा आधी घेतला. फ्रेम दुसऱ्या मॉडेलची निघाली आणि ती घासून, आत पुठ्ठा कोंबून बसवली गेली. दिग्रसच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी ती खडखडायला लागली. खाचेची खोलीही मोजावी. मागे एसीची नळी आणि वायरींचा जुडगा असतो. तो दाबून पडदा बसवला तर आज दिसत नाही, पण सहा महिन्यांनी कुठली तरी वायर तुटते.

२. कंपनीच्या वायरीला कात्री लावू द्यायची नाही

"दहा मिनिटाचं काम हाय, भाऊ," असं दुकानदार म्हणाला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने गाडीचा मूळ सॉकेट कापला. वायरी सोलल्या, पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. मला तेव्हा कळलं नाही की थांबवायला हवं होतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून किती तरी जास्त तापतो. एप्रिलमध्ये टेपचा डिंक वितळला, जोड उघडे पडले आणि एके दुपारी डावीकडचे स्पीकर गप्प झाले.

यासाठी कपलर मिळतो. त्याचं एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये जातं, दुसरं स्टिरिओत. काही कापावं लागत नाही, आणि गाडी विकताना सगळं जसं होतं तसं करता येतं. काही शे रुपयांची ही वस्तू मला कोणी सुचवली नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर हे वॉरंटी नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं.

दुसऱ्या वेळी गावातले ट्रॅक्टरचं वायरिंग करणारे एक चाचा मदतीला आले. त्यांनी कापलेला प्रत्येक जोड सोल्डर केला, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि मग कपलर लावला. त्या कामाला अख्खी सकाळ लागली.

३. पिवळी आणि लाल

हा धडा मला सगळ्यात महागात पडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळीत बॅटरीची वीज सतत असते, तिच्यावर घड्याळ आणि आठवण टिकते. लाल वायरीत चावी फिरवली तरच वीज येते, त्यावरून स्टिरिओला जागं व्हायचं की झोपायचं ते कळतं. काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती ऋण बाजू. मात्र गाडीच्या स्वतःच्या वायरी हे रंग पाळत नाहीत. तिथे डोळ्यांवर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावूनच ओळख पटवावी लागते.

दुकानात पिवळी आणि लाल दोन्ही एकत्र करून सतत विजेच्या वायरीला जोडल्या होत्या. त्यामुळे पडदा काळा दिसायचा, पण आत यंत्र जागंच असायचं. मी पुढे मोजलं तेव्हा बंद गाडीतून अर्धा अँपिअर प्रवाह जात होता. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे तीन दिवस गाडी उभी राहिली की संपली.

ती संपली ती नेमकी सुट्टीनंतरच्या रात्री. लाडखेडकडून फोन आला, गाय अडली होती. मी चावी फिरवली आणि नुसती टिकटिक ऐकू आली. शेजाऱ्याला उठवलं, त्याच्या मोटरसायकलवर सामान बांधलं आणि निघालो. पाऊण तास उशीर झाला. गाय वाचली, वासरू मेलेलं निघालं. वेळेवर पोहोचलो असतो तर ते वाचलंच असतं असं कोणी सांगू शकत नाही, पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून कोणीही गाडीत काही बसवलं की मी त्याला मोजायला सांगतो. गाडी बंद करा, दारं लावा, थोडा वेळ जाऊ द्या. मग बॅटरीची ऋण तार सोडवून मधे मल्टिमीटर लावा. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत झोपा. उलट चूकही होते. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर बॅटरी टिकते, पण दर वेळी गाडी सुरू केली की जतन केलेलं सगळं पुसलेलं असतं.

४. आकाश दिसलं पाहिजे

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा संदेश अगदी क्षीण होतो, आणि जागा ठरवायला एका वेळी किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. स्टिरिओसोबत काडेपेटीहून लहान अशी एक चौकोनी डबी येते, ती त्याची अँटेना. माझी डबी डॅशबोर्डच्या पोटात, लोखंडी दांडीच्या खाली टाकून दिली होती. पडद्यावरचा बाण मग रस्ता सोडून कपाशीच्या वावरातून चालायचा. ती काढून समोरच्या काचेखाली कोपऱ्यात, सपाट बाजू वर करून चिकटवली आणि त्याच दिवशी बाण रस्त्यावर आला. काचेला धातूमिश्रित फिल्म असेल तर तीही संदेश अडवते. दुकानाच्या पत्र्याखाली तपासणी करू नये. गाडी उघड्यावर आणावी आणि पहिल्या वेळी काही मिनिटं धीर धरावा.

नेट नसेल तर जीपीएस चालत नाही असं अनेकांना वाटतं. जागा उपग्रहावरून कळते, त्याला नेट लागत नाही. लागतो तो नकाशा, आणि तो आधी उतरवून ठेवता येतो. रामनवमीला मी तांड्यावरच्या एका कुटुंबाला घेऊन पोहरादेवीला गेलो होतो. बंजारा समाजाची ती काशी. गर्दी इतकी की फोनचं नेट ठप्प झालं होतं. उतरवलेल्या नकाशावर आम्ही मागच्या रस्त्याने मानोऱ्याकडे सुखरूप बाहेर पडलो.

बोगद्यात मात्र उपग्रह ऐकू येत नाहीत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर मी मुंबईला गेलो, तेव्हा इगतपुरी-कसाऱ्याच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात माझा बाण तोंडाशीच थिजून राहिला. काही संचांना गाडीचा वेग कळवणारी गुलाबी वायर असते. ती जोडली की चाकाच्या फेऱ्यांवरून आणि वळणावरून यंत्र अंदाज बांधत राहतं. होंडाने १९८१ मध्ये गाडीत बसवलेलं दिशादर्शक यंत्र याच तत्त्वावर चालायचं. त्या काळी गाडीवाल्यांसाठी उपग्रह नव्हते. यंत्रात एक जायरोस्कोप आणि पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा असे.

५. गावाचं आडनाव

माझा भाचा पुण्याहून साखरपुड्याला निघाला. कार्यक्रम महागावला. त्याने 'महागाव' टाकलं आणि यंत्राने त्याला पुसदच्या पलीकडच्या तालुक्याच्या महागावला नेलं. आमचं महागाव (कसबा) दारव्हा तालुक्यातलं. दोन्ही एकाच जिल्ह्यात. तो पोहोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या.

जुन्या माणसांनी हा घोळ होणार हे ओळखून गावांना आडनावं दिली. कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) वर्ध्यात. नेर परसोपंत आणि बोरी अरब ही नावंही तशीच. बोलताना आपण ती गाळतो, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. यंत्राला तो नसतो. आडनावासकट गाव लिहावं, मग तालुका तपासावा, आणि निघण्यापूर्वी दाखवलेलं अंतर मनातल्या अंतराशी जुळतं का ते पाहावं. दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसएक किलोमीटर आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चुकीचं गाव लगेच खटकतं.

६. चैताचा रस्ता

पहिल्या पावसाळ्यात यंत्राने मला बोरी अरबकडून येताना चार किलोमीटर वाचवणारी वाट दाखवली. पडद्यावर ती पांढरी रेघ इतर रस्त्यांसारखीच होती. प्रत्यक्षात ती पांदण निघाली. काळ्या मातीत पुढची चाकं अर्ध्यापर्यंत रुतली. एका आबाजींनी बैलजोडी आणून गाडी ओढून काढली. पडद्याकडे बघून ते म्हणाले, "हा रस्ता चैताचा हाय बावा, आखाडाचा नाई."

नकाशा वरून काढलेला असतो, त्यात ऋतू नसतो. नाल्यावरचा रपटा त्याला बारा महिने पूलच वाटतो. जून ते ऑक्टोबर मी छोटा रस्ता निवडत नाही. रपटा असलेल्या गावात निघण्याआधी फोन करून पाणी किती आहे ते विचारतो, आणि पाण्याखाली गेलेल्या रपट्यावर गाडी घालत नाही, पलीकडे जनावर कितीही अडलेलं असो. त्या वेळी पलीकडून कोणाला तरी अलीकडे बोलावून औषध आणि सूचना देतो.

७. आवाजाचं गणित

खोक्यावर '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं. गाडी सुरू असताना मिळतात चौदाएक व्होल्ट आणि स्पीकर असतो ४ ओहमचा. एवढ्यात एका स्पीकरला पंचवीस वॉटच्या वर स्वच्छ आवाज देणं स्टिरिओच्या आतल्या अँप्लिफायरला जमूच शकत नाही, प्रत्यक्षात पंधरा-वीस मिळतात. म्हणून मोठ्या आकड्याला पैसे देऊ नयेत. तेच पैसे दारांवर घालावेत. दाराच्या पत्र्यातली मोठी भोकं बंद केली आणि आत डॅम्पिंगचा थर लावला की साध्या स्पीकरलाही वजन येतं, कारण त्याच्या पाठीमागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खात नाही. दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतं, म्हणून तिथली प्लॅस्टिकची चादर फाडू नये.

चाचांनी एक युक्ती शिकवली. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलची धन बाजू लागली ती स्पीकरची धन. माझ्या गाडीत एक स्पीकर उलटा जोडलेला निघाला. तबल्याचा डग्गा वर्षभर का हरवला होता ते तेव्हा समजलं. गाडी रेस केली की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी यायची, तीही अर्थिंगचा स्क्रू रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर कसल्यावर गेली.

मला गाण्यांपेक्षा फोनचा आवाज महत्त्वाचा. यंत्राच्या अंगातला माइक इंजिन आणि पंखा ऐकतो, माणूस ऐकत नाही. वायरीचा बाहेरचा माइक घेऊन तो स्टिअरिंगच्या वर लावला. आता पलीकडचा शेतकरी "काय म्हणता डॉक्टर, पुन्हा सांगा" असं म्हणत नाही, आणि मी वाटेतच त्याला गाईला कसं उभं ठेवायचं ते सांगू शकतो.

८. हँडब्रेकची वायर

एक वायर हँडब्रेकला जोडायची असते. तिच्यामुळे गाडी चालताना चित्रपट दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी ती सरळ अर्थिंगला जोडून देतात आणि वर त्याची सोय म्हणून ओळख करून देतात. माझी मी हँडब्रेकलाच जोडली आहे.

९. आपल्या खुणा

कितीतरी तांडे नकाशावर नाहीत, गोठे तर असणारच नाहीत. म्हणून प्रत्येक भेटीनंतर, परत निघण्यापूर्वी, मी तिथे खूण टाकतो आणि तिला बोलीतलं नाव देतो: 'रपट्यापलीकडचा गोठा', 'तांडा, पाण्याच्या टाकीमागे', 'इथून पुढे आखाडात जाऊ नये'. दवाखान्यात नवीन येणाऱ्या सहकाऱ्याला ही यादी मी देतो. त्यातली सगळ्यात जुनी खूण 'मोठी चिंच, डाव्या अंगाले' अशी आहे. गेल्या उन्हाळ्यातल्या वादळात ती चिंच मुळासकट आडवी झाली. खूण मी तशीच ठेवली आहे, कारण रात्री फोन येतो तेव्हा माणसं अजून तिचंच नाव घेतात.