फायबरचा धंदा : मशीनआधी वजनकाटा घ्या



“सर, फायबरचं काम सुरू करायचंय, मशीन कुठलं घेऊ?” हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं उत्तर एकच : सुरुवातीला मशीन नको, चांगला वजनकाटा घ्या. असं का, ते आज बघू.

कंपोझिट म्हणजे काय?
दोन वेगळे पदार्थ एकत्र आणायचे, पण एकमेकांत विरघळू द्यायचे नाहीत. एक ताण सोसतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. मातीच्या भिंतीत भुसा घालतात, ते कंपोझिटच. काँक्रीट आणि सळईचं आरसीसीसुद्धा. आपण ज्याला ‘फायबर’ म्हणतो त्यात काचेचे तंतू आणि रेझिन असतं. कोकणातल्या मासेमारीच्या होड्या, केमिकलच्या टाक्या, पवनचक्कीची पाती यातूनच होतात. बोइंग ७८७ विमानात वजनाने सुमारे ५० टक्के कंपोझिट आहे, तिथे मुख्यतः कार्बनचे तंतू वापरतात.

या धंद्याची खरी गोम
लोखंडाचा पत्रा तयार मिळतो. तो कमजोर निघाला तर दुकानदाराला जाब विचारता येतो. फायबरचा पत्रा मात्र तुमच्याच मोल्डवर, तुमच्याच हाताने तयार होतो. मोल्डला वॅक्स, मग जेलकोट, मग मॅट आणि रेझिनचे थर, रोलरने हवा काढणं. चूक झाली तर ती तुमचीच.

हिशोब लिहून घ्या. ४५० ग्रॅमची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. तिला साधारण एक किलो रेझिन लागतं आणि जाडी मिळते सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे एक चौरस मीटरचं, तीन थरांचं झाकण करायचं तर मॅट १.३५ किलो, रेझिन ३ किलो. जेलकोट सोडून वजन सव्वाचार किलोच्या आसपास. तयार माल काट्यावर ठेवा. फार हलका भरला तर थर किंवा रेझिन कमी पडलंय. फार जड भरला तर रेझिन जास्त गेलंय, म्हणजे पैसा वाया आणि माल ठिसूळ.

आता समजा, गिऱ्हाईक म्हणालं, “शेजारचा स्वस्त देतो.” तुम्ही एक थर कमी केला. जेलकोटची चमक तीच, त्यामुळे आज कुणाला कळणार नाही. पण त्या झाकणावर माणूस उभा राहिला तर? भाव कमी करायचा असेल तर मापात बदल सुचवा, थरात नाही. तेही जमत नसेल तर ऑर्डर सोडा.

हार्डनर अंदाजाने नको
पॉलिस्टर रेझिनला हार्डनर साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम लागतो. कमी पडला तर माल चिकट राहतो. जास्त झाला तर तापतो, तडकतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात प्रमाण बदलतं, म्हणून रोज आधी छोट्या वाटीत चाचणी घ्या आणि वहीत नोंद करा.

हे कधीही करू नका
हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. रेझिनची वाफ पेट घेते आणि फुफ्फुसालाही वाईट. खेळती हवा, केमिकलच्या वाफेसाठीचा मास्क, हातमोजे, चष्मा हवाच. विडी-सिगारेट गाळ्याबाहेर. आणि गाळा भाड्याने घेण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची चौकशी करा.

आजचा गृहपाठ
एक फूट बाय एक फुटाचे तीन तुकडे करा : एक थर, दोन थर, तीन थर. प्रत्येकाचं वजन, लागलेला वेळ आणि खर्च वहीत लिहा. मग हाताने वाकवून बघा. तुमचं पहिलं कोटेशन त्याच पानावरून तयार होईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजून काम करा!