मुलीच्या फीची सवलत

प्रश्न : मुलीला ‘कॅप’मधून खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही ओबीसी, उत्पन्न साडेतीन लाख. फी माफ होईल का?

उत्तर : होईल, पण सगळी नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. हॉस्टेल, मेस तुमच्याकडे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असता तर यातलं काहीच मिळालं नसतं.

महाडीबीटीवर अर्ज करा, तोही दरवर्षी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलंय ना, हे बँकेत जाऊनच विचारा. बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात.