ओल खाल्लेली बाहेरची भिंत : दुरुस्तीचा क्रम

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळींची पश्चिमेकडील भिंत दर पावसाळ्यात सर्वांत जास्त मारा सोसते. पाऊस उघडला की पोपडे निघतात, आणि घाईने वर सिमेंट थापून रंग दिला जातो. आमच्या मते पहिली चूक हीच.

१९४० पूर्वीच्या अनेक इमारतींत तुळया लाकडी असून विटकाम चुन्यातले आहे. चुना ओल शोषतो, तशी बाहेरही सोडतो. त्यावर कडक सिमेंट बसले की आत शिरलेले पाणी कोंडते व भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजू लागते. बाहेरून भिंत नवी दिसते. आत आधार संपत असतो.

म्हणून प्रथम पाण्याची वाट शोधावी : फुटकी पन्हळ, गळका नळ, खिडकीवरची भेग, पिंपळाचे मूळ. तिचा बंदोबस्त करून सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढावा. तुळईचे टोक टोचून पाहावे. मऊ लागल्यास काम थांबवून टेकू द्यावा व अभियंत्यास बोलवावे. सांधे खरवडून चुना, वाळू व सुरखीने भरावेत. आतली ओल गेल्यावर पृष्ठभागावर पाणी शिंपडून चुन्याचा गिलावा पातळ थरांत द्यावा. पत्रे ठोकायचे असल्यास मागे हवेला जागा ठेवावी.

उपकरप्राप्त इमारतीत तुळई-खांबांचे काम निघाल्यास म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला आधी कळवावे.

ठेकेदार बंधूंनी अंदाजपत्रकात तुळई तपासणीची बाब वेगळी लिहावी. दर थोडा चढेल. पण त्या भिंतीमागे माणसे झोपतात, हे रहिवाशांना सांगितले तर पटते, असे आम्हांस वाटते.