तारखेची पारख

इतिहासाच्या परीक्षेंत विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक धास्ती असते ती सनावळीची. तारखा पाठ करावयाच्या, उत्तरपत्रिकेवर उतरावयाच्या आणि घरीं पोंचण्यापूर्वीं विसरून जावयाच्या, असा पुष्कळांचा क्रम असतो. विद्यार्थिदशेंत आमचाही तोच होता. परंतु तारीख ही नुसती पाठ करण्याची वस्तु नसून पारखून घेण्याचीही वस्तु आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. आमच्या बालवाचकांस तें लौकर कळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम एक कोडें घालतों. इ. स. १५८२ च्या ऑक्टोबर महिन्यांत १० तारखेस रोम शहरांत काय घडलें? उत्तर असें कीं, कांहींच घडलें नाहीं. कारण ती तारीख तेथें उगवलीच नाहीं! ज्यूलियस सीझरनें घालून दिलेल्या कालगणनेंत वर्ष ३६५ दिवस व ६ तासांचें धरीत. ऋतुचक्राचें खरें वर्ष याहून सुमारें ११ मिनिटांनीं लहान आहे. अकरा मिनिटांची ती काय मातबरी, असें कोणासही वाटेल. पण थेंबें थेंबें तळें साचतें. सुमारें १२८ वर्षांत या मिनिटांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत चूक इतकी वाढली कीं, २१ मार्चला धरलेला वसंतसंपात ११ मार्चच्या सुमारास येऊं लागला. तेव्हां पोप तेरावे ग्रेगरी यांनीं ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशीं एकदम १५ ऑक्टोबर ही तारीख धरविली. वार मात्र मोडला नाहीं. गुरुवारामागून शुक्रवारच आला.

ही सुधारणा सर्व देशांनीं एकाच वेळीं पत्करली नाहीं. पोर्तुगाल व स्पेन यांनीं ती तत्काळ उचलली. इंग्लंडनें मात्र इ. स. १७५२ पर्यंत वाट पाहिली, आणि त्या वर्षीं २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरला. रशियानें तर इ. स. १९१८ पर्यंत जुनीच गणना चालविली. म्हणून तेथील ‘ऑक्टोबर क्रांति’ जुन्या गणनेनें २५ ऑक्टोबर १९१७ ला, आणि नव्या गणनेनें ७ नोव्हेंबरला झाली. सर आयझॅक न्यूटन यांचा जन्म इंग्लंडांतील त्या वेळच्या गणनेनें २५ डिसेंबर १६४२ चा, तर आजच्या गणनेनें ४ जानेवारी १६४३ चा. माणूस एक, जन्म एक; पण वर्षसुद्धां बदललें!

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. सतराव्या शतकांत गोव्यास पोर्तुगीज होते व मुंबईस इंग्रज. एकाच दिवसाची तारीख गोव्याचा लेखक एक लिही, तर मुंबईचा लेखक दहा दिवस मागची लिही. श्रीशिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तारीख आपण ६ जून १६७४ अशी शिकतों. ही जुन्या गणनेची तारीख आहे. त्या समारंभास रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याच गणनेनें चाले. नव्या गणनेनें तो दिवस १६ जून येतो. हें खरें कशावरून, असें कोणी विचारील, तर त्याचा साक्षीदार आकाशांत आहे. राज्याभिषेकाची तिथि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. त्रयोदशीचा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो. नव्या गणनेच्या ६ जूनला मात्र नुसती तृतीयेची कोर होती. तिथीनें तारखेची परीक्षा होते ती अशी.

वाराचीही एक गंमत आहे. सिंहासनारोहण झालें तें पहाटे, तीन घटका रात्र उरली असतां. आपला वार सूर्योदयास बदलतो, म्हणून जुन्या शकावलींत शुक्रवार नोंदलेला आहे. युरोपीय गणनेचा वार मध्यरात्रींच बदलतो, म्हणून त्या हिशेबानें शनिवार. दोघेही खरेंच सांगतात. फक्त दिवस कोठून मोजला तें पाहिलें पाहिजे.

दुसरें उदाहरण पानिपतच्या रणसंग्रामाचें. तो १४ जानेवारी १७६१, बुधवारीं, पौष शुद्ध अष्टमीस झाला. ही तारीख नव्या गणनेची आहे. हल्लीं मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. त्यामुळें पानिपत संक्रांतीच्याच दिवशीं झालें, असें पुष्कळजण बोलून जातात. पण आपल्या पंचांगांतील सौरवर्ष इंग्रजी वर्षाहून वीस मिनिटांपेक्षां कांहींसें मोठें असल्यामुळें संक्रांत साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकते. इ. स. १७६१ सालीं ती १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. त्या दिवशीं महाराष्ट्रावर संक्रांत आली, हें दुःखाचे उद्गार म्हणून अक्षरशः खरें वाटेल. पंचांगानें तें खरें नव्हे.

कोणी म्हणेल, दहा दिवस इकडे कीं तिकडे, त्यानें काय बिघडलें? बिघडतें तें हें कीं, दोन कागदांतील तारखा जुळल्या नाहींत म्हणजे आपण त्यांपैकीं एका लेखकास खोटा ठरवितों. त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें, आणि आपण अज्ञानानें त्याची साक्ष फेटाळली, हा अन्याय होय. मेलेल्या माणसास आपली बाजू मांडतां येत नाहीं. ती आपणच समजून घेतली पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांनीं यापुढें तारीख पाठ करतांना तीन प्रश्न विचारावे: ही कोणत्या गणनेची? लिहिणाराचा दिवस केव्हां सुरू होई? तिथि व वार तिच्याशीं जुळतात काय? आणि आईबापांस आमची एक विनंती आहे. घरांतील वडील मंडळींस आपला जन्म पुष्कळदां तिथीनें अथवा एखाद्या मोठ्या पुराच्या किंवा दुष्काळाच्या सालावरून आठवतो. मुलांस त्यांच्याजवळ बसवावें, ती आठवण वहींत उतरवून घ्यावी आणि जुन्या पंचांगांतून तारीख शोधून काढण्यास सांगावें. इतिहासाचा याहून चांगला धडा शाळेंतही मिळणार नाहीं; आणि तो देणारे गुरु घरांत आहेत तोंवरच तो घेतां येतो.