आधी पाण्याची वाट आखा, मग खरेदी करा

लहान कॅबिनेटमध्ये पाण्यानं थंड होणारा संगणक बांधायचा मनात असेल, तर ऑर्डर देण्याआधी आलेखाचा कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा. ओळखीच्यांसाठी असे संगणक जुळवणं आणि बिघडलेले उघडून बघणं हे काम मी पुण्यात बरीच वर्षं करतो आहे. गळती, शेवाळ, तापमान या तक्रारी घेऊन आलेल्या यंत्रांमध्ये महागाचे, उत्तम भागच जास्त दिसले. खोट असते ती आराखड्यात. भाग आत कसे बसतील याचा विचार सगळे करतात. तेच भाग पुन्हा बाहेर कसे निघतील, हे मात्र फार थोडे जण आधी ठरवतात.

एका उन्हाळ्यात एका ध्वनिमुद्रकाचं यंत्र माझ्याकडे आलं. त्याचा स्टुडिओ छोटा, माइक टेबलाजवळच, त्यामुळे पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची. पाण्याकडे वळायला त्याच्याकडे सबळ कारण होतं. कुणीतरी ते फार देखणं जुळवून दिलं होतं: काचेसारख्या कडक नळ्या, आत दुधाळ निळं पाणी. तक्रार एवढीच होती, की एसएसडी मधूनच दिसेनाशी होत होती. "दादा, तेवढी एसएसडी बदलून द्या, संध्याकाळी गायक येणार आहेत," असं सांगून तो गेला.

एसएसडी मदरबोर्डच्या पाठीमागे होती. मिनी-आयटीएक्स बोर्डावर जागा कमी असल्यानं दुसरी एम.२ खाच अनेकदा मागच्या बाजूला देतात. तिथे पोचायला बोर्ड काढायचा, बोर्ड काढायला प्रोसेसरवरच्या ब्लॉकच्या नळ्या सोडवायच्या आणि त्यासाठी आधी पाणी काढायचं. पाणी काढायला तोटीच नव्हती. कॅबिनेट बादलीवर कलतं धरून सगळ्यात खालचा सांधा सोडवला, तर पहिली धार पॉवर सप्लायच्या जाळीच्या दिशेनं गेली. खाली आधीच फडकी रचली होती म्हणून निभावलं. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग काही झालं नाही.

ब्लॉक उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तांब्याच्या तळाला केसासारख्या बारीक खाचा असतात आणि पाणी त्यांतूनच वाहतं. त्या खाचांमध्ये निळसर चिकट गाळ बसला होता. नळीचा एक सांधा अॅल्युमिनिअमचा निघाला. त्याच्या आट्यांवर पांढरी भुकटी होती आणि धातूला खड्डे पडले होते. आणखी काही महिन्यांत तो तिथेच गळला असता. या एका यंत्रात जे दिसलं, त्यावरूनच पुढचं सगळं सांगतो आहे.

उष्णतेचा हिशोब

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. तिथून ती खोलीतल्या हवेतच जाते. म्हणून आधी वॅट मोजा. रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर १२० वॅटचा आणि आरटीएक्स ४०७० हे कार्ड २०० वॅटचं. दोन्ही मिळून ३२०. एवढ्याला २४० मिलिमीटरचा एक रेडिएटर मध्यम वेगाच्या पंख्यांवर पुरतो. त्याच जागी आरटीएक्स ४०९० घेतलं, तर एकट्या कार्डाचे ४५० वॅट होतात. मग त्याच रेडिएटरवरचे पंखे पूर्ण वेगानं फिरवावे लागतात आणि ज्या शांततेसाठी एवढा खर्च केला, ती हाती लागत नाही.

दुसरा आकडा खोलीचा. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. कामाचा ताण असताना ते तिच्याहून १० ते १५ अंश गरमच राहतं. खोली ३६ अंशांवर असेल, तर पाणी ५०च्या आसपास गेलंच. सर्वसाधारण पंपांना साधारण ६० अंशांची मर्यादा असते आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्या सुमारास मऊ पडू लागतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात एसीशिवाय संगणक चालवणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा करावा, आणि पीईटीजी टाळावीच.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की कार्डाकडे, यावर मात्र वेळ घालवू नका. मिनिटाला तीन लिटर पाणी फिरत असेल, तर ३०० वॅट उष्णतेनं ते जेमतेम दीड अंश तापतं. क्रम कोणताही चालेल. वाट छोटी आणि कमी वळणांची ठेवा. पाळायचा क्रम एकच: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्या वर. पंप कोरडा चालता कामा नये.

मिलिमीटरचा हिशोब

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा. २००१ साली व्हीआयए कंपनीनं हे माप आणलं आणि लहान संगणकांचं जग त्यावर उभं राहिलं. एसएफएक्स पॉवर सप्लाय १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. ही मापं ठरलेली असतात, त्यांचा त्रास होत नाही. फसगत होते ती पुढच्या आकड्यांत. '२४०'चा रेडिएटर प्रत्यक्षात २७५ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याच्या पेट्या असतात. बारीकातल्या बारीक रेडिएटरची जाडी २७ ते ३०, पंख्याची २५, म्हणजे ५५ मिलिमीटर तिथेच संपले. त्यापुढे काटकोनी सांध्याला आणखी २५ ते ३० हवेत. सांध्याची आवळायची चकती नळीपेक्षा जाड असते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन तोंडांवर दोन चकत्या मावतात का, तेही मोजा. आणि ती चकती आवळायला बोटं आत जातात का? हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

म्हणून आलेखाच्या कागदावर खऱ्या मापात चित्र काढा. नंतर जाड पुठ्ठ्याचे रेडिएटर, पंप आणि कार्ड कापून रिकाम्या कॅबिनेटमध्ये ठेवून बघा. लहान कॅबिनेटमध्ये डी५ पंपापेक्षा आकारानं छोटा डीडीसी सोयीचा पडतो, पण तो तळाशी तापतो. त्याच्या तळाला हवा लागेल अशी जागा द्या.

ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी त्याचा ब्लॉक मिळतो का ते बघा. एकाच चिपची कार्डं निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या बोर्डांवर बनवतात, आणि ब्लॉक त्या नेमक्या बोर्डासाठीच कापलेला असतो. कार्डाचा मूळ कूलर काढल्यानं वॉरंटीवर काय परिणाम होतो, तेही विक्रेत्याकडून लेखी घ्या. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि पॅड जपून ठेवा. कार्ड विकताना लागतात.

पाणी आणि धातू

तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा यांच्या संगतीत अॅल्युमिनिअम नको. पाण्यात हे धातू एकत्र आले की अॅल्युमिनिअम झिजू लागतं. प्रत्येक सांधा कशाचा आहे ते विचारून घ्या.

पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणाऱ्या कॅनमधलं पाणी अनेक जण वापरतात. ते किती शुद्ध आहे याची खात्री कुणी देत नाही. बोअरचं किंवा घरच्या आरओचं पाणीही नको. सीलबंद डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक घाला, किंवा तयार पारदर्शक कूलंट घ्या. दुधाळ रंगाच्या कूलंटमधले कण आज ना उद्या खाचांत बसतातच. नव्या रेडिएटरमध्ये डाग देतानाचा फ्लक्स राहिलेला असतो. कोमट पाण्यानं तो खळखळून धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं. नळी म्हणाल, तर लहान कॅबिनेटला काळी ईपीडीएम रबरी नळीच बरी. ती वाकते, थोडी ढिलाई ठेवता येते, आणि स्वस्त पारदर्शक नळ्यांसारखं प्लॅस्टिसायझर पाण्यात सोडत नाही.

बाहेर काढायची वाट

सर्वांत खालच्या बिंदूला पाणी काढायची तोटी आणि सर्वांत वर भरायचं तोंड, या दोन गोष्टींची जागा आराखड्यात पहिल्यांदा नक्की करा. बाकीचे भाग त्यांच्याभोवती बसवा. शक्य असेल तर कार्डाच्या दोन्ही नळ्यांवर न गळता सुटणारे झटपट जोड लावा. प्रवाह थोडा घटतो, पण पाणी न काढता कार्ड हातात येतं. मागच्या खाचेतली एसएसडी सुरुवातीलाच मोठी आणि चांगली घ्या. प्रोसेसरवरचा पंखा गेल्यावर शेजारचे व्होल्टेज देणारे भाग आणि एम.२ यांना वारा मिळत नाही. त्यांच्याकडे एक छोटा पंखा वळवा. कार्ड रायझर केबलवर असेल आणि केबल जुन्या तिसऱ्या पिढीची असेल, तर बायोसमध्ये पीसीआयई जेन ३ ठरवूनच कार्ड केबलवर चढवा, नाहीतर पडदा काळाच राहतो.

जोडणी झाली की आधी हवेनं तपासा. काट्याच्या हातपंपानं साधारण अर्धा बार दाब द्या. अर्ध्या तासात काटा खाली आला, तर सांधे पुन्हा बघा. मग पाणी भरा आणि पॉवर सप्लायला फक्त पंप जोडा, बाकी एकही वायर नको. २४ पिनच्या जोडाचे ठरावीक दोन पिन जोडणारं जम्पर मिळतं, त्यानं बोर्डाशिवाय पंप सुरू होतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर चालवा. मधूनमधून कॅबिनेट कलतं करा, म्हणजे अडकलेली हवा टाकीत येईल. सकाळी एकही कागद ओला नसेल, तरच पुढे जा.

पाण्याचा गुण खरा आहे. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' महासंगणकही द्रवानं थंड ठेवला जातो. पण तिथे देखभालीला माणसं नेमलेली असतात. घरी ती जबाबदारी तुमचीच आहे: वर्षा-दीड वर्षानं पाणी बदलणं, रेडिएटरची धूळ काढणं, टाकीतली पातळी बघणं.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. माझ्या खोलीत मे महिन्यात पाणी किती तापेल? पाणी कुठून निघेल? कार्ड किंवा एसएसडी बिघडली, तर किती सांधे सोडवावे लागतील? उत्तरं मनासारखी आली, तर जरूर बांधा. असं यंत्र वर्षानुवर्षं शांतपणे काम करतं. एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं, तर चांगला एअर कूलर घ्या आणि उरलेले पैसे रॅम व एसएसडीवर घाला. मला विचारलंत, तर बहुतेकांना मी तेच सांगतो.