इंजिन का अडखळते?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी काही घरांत आजही जपलेली दिसते. तिचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन झटके देऊ लागले की 'कार्बुरेटर बदला' असा सल्ला लगेच मिळतो. पण आधी तपास, मग खर्च!

इंजिनाला हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी लागते. चालू इंजिनात मेकॅनिक एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करतो. चाल आणखी बिघडली, तर तो सिलिंडर काम करत होता. फरकच पडला नाही, तर दोष तिथे. मग थंड इंजिनातून तो प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी टोक चांगले. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट थर म्हणजे ऑइल आत शिरते. शेजारच्या प्लगशी अदलाबदल केल्यावर दोषही तिकडे गेला, तर प्लगच खराब!

सावधान! प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. मुलांनी हात लावू नये. पालकांनीही बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.

एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे, हा प्रयोगशाळेतला नियम गॅरेजमध्येही पैसे वाचवतो.